खाली येणारा बाण

लोगो काढून देणाऱ्या बाईंना त्यांचा नवरा थट्टेने लोगोबाई म्हणत असे, आणि पुढे गिऱ्हाइकंही तेच म्हणू लागली. पाचव्या मजल्यावरच्या घरातली मागची खोली हे त्यांचं ऑफिस. तिथे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि खिडकीशी एक जुनी आरामखुर्ची. खुर्ची सासूबाईंची. सासूबाईंचं या धंद्यात काम काय, असं कोणी विचारलंच असतं तर लोगोबाईंनी सरळ सांगितलं असतं, की परीक्षकाचं.

त्याचं असं झालं होतं. एका प्रवासी कंपनीसाठी लोगोबाईंनी पंख पसरलेला पक्षी काढला होता आणि स्वतःवरच खूश होऊन तो सासूबाईंना दाखवला होता. सासूबाईंनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "चप्पल आहे का गं? अंगठा तुटलेली?" लोगोबाईंना राग आला, पण एकदा चप्पल दिसल्यावर तिथे पुन्हा पक्षी काही दिसेना. तेव्हापासून एकही चिन्ह सासूबाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय घराबाहेर पडलेलं नव्हतं. कागद समोर धरायचा, आपण एक शब्द बोलायचा नाही, आणि त्या जे म्हणतील ते निमूट ऐकून घ्यायचं.

लोगोबाईंचा हात चांगला होता. खोट म्हणाल तर एकच. त्यांना समोरच्या माणसाला नाही म्हणता येत नसे. गिऱ्हाईक काहीही मागो, यांचं उत्तर ठरलेलं, "होऊन जाईल." आणि ते बऱ्याचदा होऊनही जाई, त्यामुळे ही खोड मोडायची वेळ आली नव्हती.

ती वेळ लिफ्टवाल्यांनी आणली.

कंपनी जुनी होती. लिफ्ट बसवायच्या आणि बिघडलेल्या दुरुस्त करायच्या, हे काम. इमारत स्वतःची, तीन मजल्यांची. तळाला वर्कशॉप, तिथे धाकटा भाऊ. सगळ्यात वर काचेची केबिन, तिथे थोरला भाऊ. कामगार त्यांना खालचे साहेब आणि वरचे साहेब म्हणत. मधल्या मजल्यावर दोघांची मोठी बहीण बसे. तिला सगळे ताई म्हणत. ताईंच्या टेबलावर दोन फोन होते, एक वरचा आणि एक खालचा, आणि लोगोबाई समोर बसल्या बसल्याच त्यांना फोन दोन का आहेत ते कळलं.

वरचा फोन वाजला. "त्याला विचार, दोराची रिळं आली का." ताईंनी खालचा फोन उचलला. "रिळं आली का विचारतोय." जिना उघडा असल्यामुळे खालच्या साहेबांचा आवाज फोनशिवायही स्पष्ट वर येत होता. "आली म्हणावं." ताईंनी वरचा फोन उचलून सांगितलं, "आली." वरच्यांनीही ते आधीच ऐकलं असणार, पण ताईंनी सांगेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"दोन वर्षं हेच चाललंय," ताई म्हणाल्या. "मी बहीण कमी आणि टेलिफोन एक्स्चेंज जास्त."

मग त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. वडील गेल्यानंतर थोरल्याने उंच उंच नव्या इमारतींची कामं घ्यायला सुरुवात केली. एकदा त्याने धाकट्याला न विचारता वर्कशॉपमधली सगळी माणसं अशाच एका कामावर नेली, आणि नेमक्या त्याच दिवशी एका जुन्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक बाई होत्या. त्या संध्याकाळपर्यंत अंधारात बसून राहिल्या. शेवटी धाकट्याने एकट्याने जाऊन त्यांना बाहेर काढलं, आणि परत आल्यावर सगळ्या कामगारांसमोर थोरल्याला म्हणाला, "तुला फक्त वर चढवता येतं. माणसं खाली कोण आणणार?" थोरलाही कमी नव्हता. तो म्हणाला, "तू बस जन्मभर खाली ग्रीस पुसत." तेव्हापासून अबोला.

"आता वाटणी करतायत," ताई म्हणाल्या. "सोमवारी वकील कागद घेऊन येणार होते, मी आजारी असल्याचं सांगून महिनाभर पुढे ढकललंय. वर एक कंपनी, खाली एक कंपनी. मी कुठे बसायचं ते कोणी सांगितलेलं नाही."

"मग नवा लोगो कशाला?" लोगोबाईंनी विचारलं.

"जुनी पाटी गंजली, हे निमित्त. दोन वर्षांत दोघांनी एका गोष्टीला मिळून हो म्हटलेलं नाही. एकदा म्हणू देत. एकदा जमलं की पुढचं मी बघते. चित्र कसंही चालेल हो. मला फक्त एका कागदावर दोघांची सही पाहिजे."

ताईंचे डोळे भरून आले होते आणि त्या ते लपवतही नव्हत्या. अशा वेळी नाही कसं म्हणायचं? "होऊन जाईल," लोगोबाई म्हणाल्या.

जुनी पाटी दाराशीच होती. वडिलांनी स्वतः पत्र्यावर रंगवलेली. एक गोल, त्यात शेजारी शेजारी दोन बाण, एक वर जाणारा, एक खाली येणारा. खाली येणाऱ्या बाणाचं टोक जरा वाकडं झालं होतं.

लोगोबाई आधी वर गेल्या. वरच्या साहेबांचं म्हणणं थोडक्यात होतं. "बाण ठेवा, पण एकच, वर जाणारा. कोणत्या कंपनीच्या चिन्हात खाली जाणारा बाण असतो? गिऱ्हाईक काय म्हणेल, यांचा धंदा बसला?" मग त्या खाली गेल्या. खालचे साहेब एका मोठ्या कप्पीच्या खोबणीतून बोट फिरवून बघत होते. "वर काय, कोणीही नेतो," ते म्हणाले. "लिफ्ट चांगली की वाईट ते खाली येताना कळतं. एकच बाण ठेवायचा असेल तर खाली येणारा ठेवा." दोघांनाही बाईंनी तेच सांगितलं. होऊन जाईल.

घरी येऊन त्या आठवडाभर झगडल्या. लिफ्टच्या पाळण्याला दोराच्या दुसऱ्या टोकाला एक जड वजन बांधलेलं असतं, पाळणा वर गेला की वजन खाली येतं, हे त्यांनी वर्कशॉपमध्ये पाहिलं होतं. तेच त्यांनी काढलं. वर एक चाक, त्यावरून गेलेला एकच दोर, एका टोकाला चौकोन आणि दुसऱ्या टोकाला चौकोन, एक उंचावर आणि एक खाली. दोघं भाऊ एकाच दोराला. आपण काहीतरी फार मोठं करून ठेवलंय असं बाईंना वाटत होतं. त्यांनी कागद सासूबाईंसमोर धरला.

"तराजू," सासूबाई म्हणाल्या. "एक पारडं खाली गेलेलं. जड कोण ते विचारतील बघ."

या वेळी मात्र लोगोबाईंनी परीक्षकाचं ऐकलं नाही. मोह झाला, दुसरं काय.

दोघांना एका खोलीत बसवायचा प्रयत्न फसला. वरचे म्हणाले, त्याला वर येऊ दे. खालचे म्हणाले, त्याला पाय आहेत. तेव्हा बाईच कागद घेऊन वर-खाली फिरल्या. वरच्यांनी चित्र नीट पाहिलं, दोराचं कौतुक केलं आणि विचारलं, "यातला मी कोणता?" बाईंनी गडबडून वरचा चौकोन दाखवला. "म्हणजे मी हवेत लटकलेला, आणि सगळा भार त्याच्यावर? बरं आहे." खाली त्याच्या उलट झालं. "म्हणजे दादा पाळण्यात आणि मी वजनाचा ठोकळा," खालचे साहेब म्हणाले. "रोज हेच तर चाललंय. त्याचं चित्र कशाला काढायचं?" मोठी कल्पना अशी दोन मजल्यांवर दोनदा आपटली.

आणि इथे लोगोबाईंनी ती चूक केली. थकल्या होत्या, ओशाळल्या होत्या, आणि निघताना ताईंनी आशेने बघितलं तेव्हा त्यांच्या तोंडून "बघते" एवढंच निघालं. घरी येऊन त्यांनी वरच्यांना वर जाणारा बाण काढून पाठवला आणि खालच्यांना खाली येणारा. विचार असा, की दोघं जरा शांत होतील आणि आपल्याला चार दिवस मिळतील. मजकूर दोघांना एकच, "कसं वाटतंय ते कळवा." पण चित्र पाठवायचं तर नीटनेटकं पाठवायचं ही त्यांची सवय, म्हणून थेट छापायला देता येईल असंच पाठवलं. सासूबाईंना यातलं काहीच दाखवलं नाही.

पुढे जे झालं ते या दोन भावांच्या बाबतीतच होऊ शकलं असतं. आपल्याला हवा तो बाण आला, याचा अर्थ दोघांनी एकच लावला. समोरच्याने माघार घेतली. आणि गंमत म्हणजे त्यामुळे दोघांनाही समोरच्याचा राग येईनासा झाला. वरच्यांनी ताईंना विचारलं, "त्याच्या गुडघ्याचं कसं आहे हल्ली?" खालच्यांनी फोनवर सांगितलं, "दादाच्या केबिनचा पंखा आवाज करतो, माणूस पाठवतो म्हणावं." ताईंनी लोगोबाईंना फोन केला. "काय जादू केलीत तुम्ही? मी दोन वर्षांनी झोपले नीट." लोगोबाईंना त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "अहो, मी कुठे काय." आणि फोन ठेवून दिला.

दोघंही कामाला वाघ. वरच्यांनी गुपचूप नवी पाटी करायला टाकली, धाकट्याला बरं वाटावं म्हणून मोठी आणि दिव्यांची. खालच्यांनी गाड्यांवर लावायला स्टिकर छापले आणि कामगारांच्या नव्या कपड्यांवर पाठीला बाण शिवून घेतला, दादाला दाखवायला. एका सकाळी फाटकावरच्या पाटीचं कापड काढलं गेलं. त्याच सकाळी वर्कशॉपमधून गाड्या आवारात येऊन उभ्या राहिल्या. पाटीवर भला थोरला बाण वर चाललेला. गाड्यांवर आणि माणसांच्या पाठींवर बाण खाली चाललेला.

दोघं भाऊ आवारात उभे राहून थोडा वेळ बघत राहिले. मग एकमेकांकडे न बघता एक वर गेला आणि एक आत गेला.

ताईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "वाटणीचं काम वकिलांना दिलं होतं. तुम्ही ते आधीच करून दिलंत, पाटीसकट," त्या म्हणाल्या. "दोघंही सांगतायत, आजच वकिलांना बोलवा. आणि दोघांनी माझ्याकडून तुमचा पत्ता नेलाय. येतील तिकडे."

लोगोबाई मागच्या खोलीत येऊन बसल्या. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. सासूबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, दोन्ही बाणसुद्धा दाखवले. सासूबाईंनी कागद बघितले आणि म्हणाल्या, "हे मात्र मला कळतंय. बाण आहेत." मग त्या उठून बाहेर जाऊन बसल्या.

दार वाजलं तेव्हा सासूबाईंनीच उघडलं. दारात दोघंही होते. मोठे साहेब लिफ्टने आले होते. धाकटे, त्यांच्याबरोबर एका पाळण्यात उभं राहायला नको म्हणून, दुखऱ्या गुडघ्याने पाच मजले चढून आले होते आणि धापा टाकत होते. लिफ्टचा धंदा करणारा माणूस जिना चढून आलेला सासूबाईंनी पहिल्यांदाच पाहिला. दोघांची नाकं सारखी बघून त्यांनी दोघांना एकाच कोचावर बसवलं आणि पाणी दिलं. दुसरी बसायची जागा नव्हती, म्हणून ते बसले.

लोगोबाई बाहेर आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "चूक सगळी माझी आहे. मी दोघांनाही हो म्हटलं. ताईंना यातलं काही माहीत नव्हतं."

"यांना सांगा," मोठे भाऊ छताकडे बघत म्हणाले, "की मी सांगितलं नव्हतं दोन काढायला."

"मीपण नव्हतं सांगितलं, असं सांगा त्यांना," धाकटे खिडकीकडे बघत म्हणाले.

"कोणाला सांगायचं?" सासूबाईंनी विचारलं. "मांडीला मांडी लावून बसलायत. मला ऐकू येतंय ते ह्यांना येत नाही का?"

मग मोठे बाईंवर घसरले. असलं काम आम्ही आयुष्यात पाहिलं नाही, आमचं हसं केलंत, आजपासून तुमचा आमच्या कंपनीशी संबंध नाही. धाकट्यांनी मान डोलावली. हे त्यांनाही तंतोतंत पटत होतं.

"मग ते लिहून द्या," सासूबाई म्हणाल्या. "तोंडी तोंडी करूनच हा घोळ झालाय. उद्या पुन्हा म्हणाल, आम्ही असं म्हणालोच नव्हतो." त्यांनी प्रिंटरमधला एक कोरा कागद आणि पेन आणून टेबलावर ठेवलं.

मोठ्यांनी पेन उचललं. धाकट्यांनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"दे इकडे. तुझं अक्षर तुला तरी लागतं का?"

दोन वर्षांत थेट बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. लोगोबाईंच्या ते लक्षात आलं, आणि मोठ्या भावाच्याही आलं असावं, कारण त्यांनी एकदा भावाकडे पाहिलं आणि मग घसा खाकरून सांगायला सुरुवात केली. धाकटे लिहू लागले. "आपण केलेल्या निष्काळजीपणामुळे..." "निष्काळजीपणा नको, हलगर्जीपणा लिहितो, जास्त लागतं." "लिही. हलगर्जीपणामुळे माझ्या कंपनीचं..." पेन थांबलं.

"कोणाच्या?" धाकट्यांनी विचारलं.

"बरं बाबा, आमच्या. आमच्या कंपनीचं हसं झालं आहे. आपण काढलेले दोन्ही बाण आम्हाला मान्य नाहीत. ते पाटीवरून, गाड्यांवरून आणि कपड्यांवरून काढून टाकण्यात येतील." मोठे आता रंगात आले होते. रागाच्या भरात त्यांचा आवाज चढला. "आमची कंपनी एक आहे आणि तिचं चिन्ह एकच आहे. ते आमच्या वडिलांनी काढलेलं आहे आणि तेच राहील."

धाकट्यांनी शेवटपर्यंत लिहिलं. मग हात थांबला. दोघंही त्या ओळीकडे बघत राहिले. सांगणाऱ्याने सांगताना ती नीट ऐकली नसावी, आणि लिहिणाऱ्याला लिहून झाल्यावर ती समजली असावी. आपण मध्ये काही बोललो तर सगळं मोडेल या भीतीने लोगोबाईंनी श्वाससुद्धा जपून घेतला.

"खोडू का?" धाकट्यांनी हळूच विचारलं.

"कशाला?" मोठे म्हणाले. "बरोबरच आहे ते."

धाकट्यांनी सही केली आणि कागद सरकवला. मोठ्यांनी तिच्या शेजारी सही केली. सासूबाईंनी कागद हातात घेऊन वाचला आणि परत दिला. "तारीख राहिली," त्या म्हणाल्या.

जाताना दोघं लिफ्टने गेले. दार लागण्याआधी मोठे म्हणाले, "गुडघा आधीच दुखतोय, आणि जिने चढतोस." लोगोबाई दारातच उभ्या होत्या. पाळणा खाली जात होता आणि आतून आवाज येत होते. एक म्हणत होता की दाराचा रूळ घासतोय, दुसरा म्हणत होता की वंगण नाही, अक्कल असलेल्या कुणालाही कळेल. तळमजला येईपर्यंत ते चालू होतं. बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांना रडू आलं, आणि सासूबाईंनी ते न बघितल्यासारखं केलं.

कागद घेऊन त्या त्याच दुपारी ताईंकडे गेल्या. ताईंनी मान वर केली नाही. "ठेवा तिथे," त्या म्हणाल्या. लोगोबाईंनी कागद त्यांच्यासमोर धरला आणि सवयीप्रमाणे एक शब्दही बोलल्या नाहीत.

ताईंनी आधी मजकूर वाचलाच नाही. त्यांची नजर सरळ तळाशी गेली. दोन सह्या, एकीला एक लागून. त्यांनी एका सहीवरून बोट फिरवलं, मग दुसरीवरून.

"तुम्हाला काढून टाकलंय त्यांनी," मग मजकूर वाचून त्या म्हणाल्या.

"हो."

"दोघांनी मिळून?"

"मिळून. शब्दसुद्धा मिळून निवडले."

ताई हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. मग मोबाईलवरून वकिलांना फोन लावला आणि सांगितलं, की आज येऊ नका. उद्याही नको. लागलं तर कळवते, पण मला नाही वाटत लागेल. बोलून झाल्यावर त्यांनी मोबाईल ठेवला, आणि मग टेबलावरच्या दोन फोनांकडे बघत राहिल्या. वरचा वाजत नव्हता. खालचाही वाजत नव्हता.

खिडकीतून आवारातला आवाज येत होता. दोघं भाऊ गाडीपाशी उभे होते आणि स्टिकर खरवडून काढायचा की गरम पाण्याने भिजवून, यावरून जोरजोरात भांडत होते. दादा, रंग जाईल. अरे, तुझ्या पाण्याने गंज धरेल. मोठा धाकट्याच्या हातातून खरवडायचा पत्रा ओढत होता आणि धाकटा सोडत नव्हता. कामगार लांब उभे राहून बघत होते.

"खिडकी लावू का?" लोगोबाईंनी विचारलं. "काम करायला त्रास होईल तुम्हाला."

"असू दे," ताई म्हणाल्या. "उघडीच असू दे."